जुने पाकग्रंथ आणि घरचें जेवण : काठीच्या निमित्तानें एक परीक्षण

जुन्या पाकग्रंथांवरून पूर्वजांचें जेवण पुन्हा रांधण्याची हौस अलीकडे आपल्या समाजांत वाढत चालली आहे. कोणी आजीची वही बाहेर काढतो, कोणी शंभर वर्षांपूर्वीचें छापील पुस्तक मिळवितो, घरच्या दहावीस माणसांस जमवितो आणि अमुक पिढीचें जेवण म्हणून पानें मांडतो. ही हौस स्तुत्य आहे. ज्या वह्या रद्दींत जात होत्या त्यांस तिच्यामुळें मोल आलें, ही गोष्ट संग्राहकांनीं कृतज्ञतेनें मान्य केली पाहिजे. परंतु असें जेवण इतिहास म्हणून पुढें वाढलें गेलें, कीं त्यास इतिहासाचीच कसोटी लावणें प्राप्त होतें. ताम्रपट अस्सल कीं बनावट, बखरींतील मजकूर समकालीन कीं मागाहून घुसडलेला, हे प्रश्न आपण जसे विचारतों, तसेच ते पानांत वाढलेल्या पदार्थासही विचारले पाहिजेत. प्रस्तुत लेखाचा हेतु हे प्रश्न मांडण्याचा आहे.

आमचें म्हणणें दोन वाक्यांत सांगतां येईल. पाकग्रंथ हा पदार्थाचा पुरावा आहे, जेवणाचा नव्हे. आणि जेथें पाकग्रंथ नाहीं तेथें जेवणाचा इतिहास नाहीं असें होत नाहीं. पहिलें विधान आपल्या उपलब्ध ग्रंथांवरून तपासतां येतें. दुसऱ्यासाठीं आम्हीं मुद्दाम काठी हें ठिकाण घेतलें आहे. काठी आज नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या रांगांत आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं हा सारा मुलूख खानदेशांत मोडे. खानदेशांतील मेवासी संस्थानांपैकीं एकाचें हें मुख्य ठिकाण, आणि येथील फाल्गुनांतली राजवाडी होळी आजही साऱ्या सातपुड्यांत विख्यात आहे. राजघराणें होतें, मानाचा सण आहे, भोवतालीं शेंकडों वर्षें नांदलेली भिल्ल वस्ती आहे. पण मराठी पाकग्रंथांच्या कपाटांत काठीचें पान नाहीं. जुन्या पुस्तकांवरून जेवणें उभीं करण्याची जी रीत आज रूढ होत आहे, तिच्या मर्यादा अशा ठिकाणीं स्पष्ट दिसतात.

ग्रंथांची परीक्षा

प्रथम ग्रंथ पाहूं. महाराष्ट्राच्या अन्नेतिहासांत बहुधा मानसोल्लासापासून आरंभ करतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नांवें असलेला हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमारचा. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मंडक, धोसक, इडरिका, वटक यांसारखे पदार्थ व मांसाचे अनेक प्रकार आले आहेत. पदार्थांचीं नांवें किती जुनीं, हें ठरविण्यास हें प्रकरण अमूल्य आहे. पण प्रकरणाचें नांवच त्याची मर्यादा सांगतें. हा भोग आहे, आणि भोक्ता राजा आहे. राजानें काय उपभोगावें हें येथें सांगितलें आहे. कल्याणीच्या पेठेंतील तेल्यानें रात्रीं काय खाल्लें याविषयीं या ग्रंथाचें मौन आहे.

दुसरा ग्रंथ रघुनाथ गणेश नवहस्त याचें भोजनकुतूहल. हा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. ग्रंथकाराचा संबंध एका बाजूनें समर्थ रामदासांशीं व दुसऱ्या बाजूनें तंजावरच्या एकोजीची राणी दीपाबाई हिच्याशीं जुळतो. परशुराम कृष्ण गोडे यांनीं या ग्रंथाकडे अभ्यासकांचें लक्ष वेधून त्याचा काळ निश्चित करण्याचा यत्न केला, हें त्यांचें ऋण आहे. परंतु हा ग्रंथ मुख्यतः संग्रहात्मक आहे. अन्नद्रव्यांचे गुणदोष सांगतांना ग्रंथकार पूर्वींच्या वैद्यक व धर्मशास्त्र ग्रंथांतून उतारे घेतो. यास्तव त्यांतील एखादा पदार्थ घेऊन हें शिवकालीन जेवण असें म्हणणें धोक्याचें आहे. तो उतारा कित्येक शतकें जुना असूं शकेल. विश्वास ठेवण्याजोगा भाग तो, जेथें ग्रंथकार संस्कृत नांवाशेजारीं आपल्या काळच्या बोलींतलें नांव देतो. तेथें पोथीकार बाजूस सरतो आणि जेवणारा माणूस बोलतो. जुनें जेवण शोधणारानें अशा जागा आधीं हेराव्या.

तंजावरच्याच दुसऱ्या सरफोजीच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नांवाशीं निगडित शरभेंद्र पाकशास्त्र हा मराठी ग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयानें छापला आहे. येथें भाषा मराठी असली तरी मुदपाकखाना राजाचाच आहे. कावेरीकांठच्या मराठी दरबारांत काय शिजे याचा तो साक्षी. देशावरच्या किंवा कोंकणांतल्या घरांचा नव्हे.

छापील युगांत आल्यावर चित्र पालटतें. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र १८७५ सालचें. मराठींतील अगदीं आरंभींच्या छापील पाकग्रंथांत त्याची गणना होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया १९१० सालचें. आतां वाचक राजा नसून साक्षर गृहस्थाश्रम आहे, आणि दुसऱ्या पुस्तकांत तर चुलीपाशीं उभी राहणारी स्त्रीच लेखिका आहे. कुटुंबाचें जेवण उभें करूं पाहणारांस हींच पुस्तकें जवळचीं वाटतात, हें स्वाभाविक आहे. तथापि येथेंही सावध असावें. हजार हा आंकडाच पाहा. घरांत रोज एक नवा पदार्थ केला तरी हजार पुरे होण्यास सुमारें पावणेतीन वर्षें लागतील. असें घर कोठेंच नसतें. घरांत पांचपंचवीस पदार्थ आळीपाळीनें होतात, आणि नेमके तेच पदार्थ ग्रंथकर्त्री थोडक्यांत आटोपते, कारण ते प्रत्येकीस येतातच. ज्याची कृति विस्तारानें लिहिली तो पदार्थ बहुधा अपूर्वाईचा. ज्याची लिहिलीच नाहीं तो रोजचा. छापील पाकग्रंथावरून जेवण मांडणारे नेमके याच्या उलट करतात. अपूर्वाईचे पदार्थ एका पानांत गोळा करतात आणि त्यास पणजीचें रोजचें जेवण म्हणतात.

हाच दोष समारंभाच्या कागदांबाबतही संभवतो. सवाई माधवरावाच्या १७८३ च्या लग्नाच्या व्यवस्थेच्या यादी प्रसिद्ध आहेत. कोणी कोठें बसावें, पान कसें वाढावें, पाहुण्यांची बरदास्त कशी ठेवावी याची काळजी त्यांत आहे. पण याद केली गेली ती समारंभ होता म्हणून. लग्नापूर्वींच्या आणि नंतरच्या साध्या दिवसांची याद कोण करणार ?

काळनिर्णय व मापें

कौटुंबिक वह्यांची गोष्ट निराळी. आमच्या मतें त्यांचें मोल छापील पुस्तकांहून अधिक आहे, कारण वहीची मालकीण ती कृति स्वतः करीत असे. पण वहीवर तिथि क्वचित् असते. अशा वेळीं अंतर्गत पुराव्यावर काळ ठरवावा लागतो, आणि त्यासाठीं कांहीं निश्चित खुणा हातीं आहेत. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका व भुईमूग हीं अमेरिका खंडांतून आलेलीं. कोणतीही पाककृति त्यांच्यासह सोळाव्या शतकापूर्वींची असणें शक्य नाहीं. डालडा या नांवाचें वनस्पति तूप बाजारांत आलें १९३७ सालीं. नव्या पैशांत भाव लिहिला असेल तर तें पान १ एप्रिल १९५७ नंतरचें. ग्रॅम व किलो आले तर बहुधा १९५८ नंतरचें, कारण वजनमापांचा दशमान कायदा १९५६ सालचा असला तरी त्याचा अंमल १९५८ च्या अखेरीस सुरू झाला. वाटी व चमचा हीं मापें सरसकट दिसूं लागलीं तर १९७० त प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या रुचिरेची छाया असण्याचा संभव लक्षांत घ्यावा. अर्थात् खूण पानाची असते, वहीची नसते. एकाच वहींत सासू व सून अशा दोन हातांचीं पानें असतात, आणि शाई व वळण पाहून तीं वेगळीं करणें हें पोथ्यांच्या अभ्यासकांस नवें नाहीं.

जेवण बिघडतें तें बहुतेक मापांमुळें. जुन्या कृतींत शेर हा शब्द आला कीं आजचा रांधणारा कोशांत पाहतो आणि ८० तोळे, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम, असें धरून चालतो. पण मुंबईचा जुना शेर २८ पौंडी मणाचा चाळिसावा भाग होता. तो सुमारें ३१८ ग्रॅम भरतो. म्हणजे मुंबईच्या कृतींतील शेरभर साखर पक्क्या शेरानें घातली तर ती जवळजवळ तिप्पट पडते. त्याशिवाय शेर हें जसें वजन तसेंच धान्याचें मापही होतें. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, असा तो हिशेब. मापी शेरानें घेतलेले पोहे आणि तांदूळ यांचें वजन सारखें कसें भरेल ? तेव्हां कृतींत शेर आढळल्यास तो कोणत्या गांवचा, वजनी कीं मापी, हें ठरविल्यावांचून चूल पेटवूं नये. आणि संग्राहकांस आमची विनंति अशी, कीं वहीबरोबर त्या घरचें मापटें किंवा पितळी वाटी मिळत असेल तर तीही घ्यावी. मापावांचून वही म्हणजे किल्लीवांचून कुलूप.

माप जुळलें तरी द्रव्य जुळेलच असें नाहीं. जात्यावर दळलेलें पीठ व गिरणींतलें पीठ, उखळांत सडलेला तांदूळ व यंत्रांत पॉलिश केलेला तांदूळ यांचें पाणी निराळें, शिजण्याचा वेळ निराळा. खानदेशांत रब्बी ज्वारीस दादर म्हणतात. तिची भाकरी आणि बाजारांत मिळणाऱ्या संकरित ज्वारीची भाकरी एका चवीची होत नाहीं. लांकडाच्या निखाऱ्यावर मडक्यांत तासभर घोटलेली डाळ ही कुकरांत शिजविलेल्या डाळीहून वेगळी वस्तु आहे. कृतींत याविषयीं एक शब्दही नसतो, कारण लिहिणारीस दुसरी चूल ठाऊकच नव्हती. जुन्या लेखांतील गाळलेला मजकूर संपादक कंसांत भरतो व आपण भरल्याचें सांगतो. तोच नियम येथें पाळावा. गॅस वापरला, गिरणीचें पीठ घेतलें, तर तसें जेवणाच्या टिपणांत लिहावें. यांत कमीपणा नाहीं.

पदार्थ आणि पंगत

आतां मुख्य मुद्दा. समजा, द्रव्य, माप व अग्नि हीं सारीं जुळलीं. तरी हातीं आला तो पदार्थ. जेवण म्हणजे पदार्थांची बेरीज नव्हे. कोणी रांधलें, कोण आधीं बसलें, कोण मागून, कोणास किती वाढलें, उरलें तें कोठें गेलें, हें सारें मिळून जेवण होतें. शंभर वर्षांपूर्वींच्या बहुतेक घरांत पुरुष व मुलें आधीं जेवीत, बायका मागाहून. पहिल्या पंगतीस जें होतें तें शेवटच्या पानास उरेच असें नाहीं. सोंवळें होतें, पंक्तिभेद होता, जेवणाचे दारीं थांबविलेले लोक होते. आज जुन्या जेवणाच्या नांवाखालीं सारें कुटुंब एका मेजावर एकाच वेळीं बसतें. हें अधिक चांगलें आहे यांत आम्हांस शंका नाहीं. पण चांगलें आहे म्हणून तें जुनें होत नाहीं. पूर्वजांची चव घ्यावयाची आणि त्यांच्या पंगतींतला अन्याय पुसून टाकावयाचा, असें केल्यास जें उभें राहतें तें इतिहासाचें नाटकी रूप होय. जुना पंक्तिभेद पुन्हा करावा असें कोणीच म्हणणार नाहीं. तो होता, एवढें वाढतांना सांगावें.

कोणी म्हणेल, घरच्या आनंदाच्या जेवणास एवढें शास्त्र कशास ? आमचें उत्तर असें, कीं आनंदास आमची हरकत नाहीं. हरकत नांवास आहे. जुन्या पुस्तकावरून केलेलें आजचें जेवण, असें त्यास म्हटलें कीं वाद मिटला. तेंच महाराष्ट्राचें प्राचीन जेवण म्हणून मिरविलें, कीं ज्यांच्या घरीं पुस्तक नव्हतें त्यांचें जेवण महाराष्ट्राबाहेर पडतें. हा मुद्दा शाब्दिक नाहीं, हें काठीकडे वळल्यावर दिसेल.

काठीचा पुरावा

काठीविषयीं लिखित साधनें कोणतीं ? भूगोलाच्या दृष्टीनें सर्वांत जवळचा जुना पाकग्रंथ म्हणजे माळव्यांतील मांडूच्या सुलतानांचा निमतनामा. ग्यासशाहानें (१४६९ ते १५००) आरंभिलेला व त्याच्या मुलानें पुढें चालविलेला हा सचित्र फारसी ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहे. त्यांत शिकारीस निघतांना काय बरोबर घ्यावें याचाही विचार आहे. परंतु मांडू नर्मदेच्या उत्तरेस विंध्याच्या टोंकावर, आणि काठी दक्षिणेस सातपुड्यांत. सुलतान ज्या रानांत शिकारीस जात त्यासारख्या रानांत राहणारा माणूस काय खाई, हें त्या ग्रंथावरून कळत नाहीं. दरबार रानांतून जातो. रानाचें जेवण दरबाराच्या पानांत येत नाहीं.

दुसरें साधन जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालीं १८८० सालीं निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड. मेवासी संस्थानें व भिल्ल समाज यांची माहिती त्यांत आहे, आणि ती टाकाऊ नव्हे. पण ती सरकारी नजरेची माहिती आहे, हें ध्यानांत धरावें. मोहाचेंच उदाहरण घ्या. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर सरकारी दप्तरांत मोहाचें फूल प्रायः दारूचें साधन म्हणून दिसतें, कारण कर दारूवर होता. सातपुड्यांतल्या घरांत तेंच फूल वाळवून ठेवलेलें अन्न आहे, टंचाईच्या दिवसांचा आधार आहे. महसुलाच्या कागदांवरून जेवण उभें केलें तर एक सबंध समाज मद्यपी ठरतो आणि त्याची कोठी रिकामी दिसते. मोहाच्या बाबतींत असा विपर्यास पुष्कळांच्या लिखाणांत झालेला आहे.

याच्या उलट टोंकाची चूकही टाळावी. आदिवासींचें अन्न म्हणजे अनादि, अविकृत अन्न असें म्हणण्याची एक प्रथा पडली आहे. सातपुड्यांतील घरांत ज्वारीबरोबर मक्याची भाकरी असते. मका अमेरिकेचा, तो या डोंगरांत सोळाव्या शतकापूर्वीं असणें शक्य नाहीं. मिरचीचें तेंच. याचा अर्थ काठीच्या लोकांनीं नवें पीक पारखलें, आपल्या उतारावरच्या जमिनींत व आपल्या पावसांत बसविलें, बियाणें निवडून राखलें व त्यास आपलें केलें. म्हणजे येथेंही इतिहास घडला आहे. ज्यास अनादि म्हणतात त्याचा इतिहास लिहिण्याची गरज उरत नाहीं. म्हणून हें विशेषण गौरवाचें दिसलें तरी वस्तुतः तें बहिष्काराचें आहे.

उपाहारगृहांत आदिवासी थाळी म्हणून जें पान मिळतें त्याचीही परीक्षा याच रीतीनें करावी. मोहाचीं फुलें गळतात फाल्गुनाच्या अखेरीस व चैत्रांत. रानभाज्या उगवतात आषाढाच्या पावसांत. मका घरांत येतो भाद्रपद आश्विनांत. तिन्हींस एका ताटांत, ताज्या म्हणून वाढलें तर तें ताट कोणत्याच महिन्याचें नसतें. वाळवलेलें मोह, आमसुलासारखी कैरीची सुकवलेली आंबट फोड, साठविलेली उडदाची डाळ, हे पदार्थ ज्या महिन्यांत जमिनींत कांहीं नसतें त्या महिन्याचे. डोंगरांतल्या जेवणाचा खरा ग्रंथ म्हणजे त्याचें पंचांग. तें न पाहतां केलेलें जेवण हें वेगवेगळ्या शतकांतल्या ओळी जोडून केलेल्या लेखासारखें होय.

होळीचें उदाहरणही बोधक आहे. काठीच्या राजवाडी होळीस दूरदूरहून हजारों लोक जमतात. उंच बांबू आणला जातो, तो उभारण्यासाठीं खड्डा हातांनीं उकरतात, नवसाचे बावे व बुध्ये अंगावर नक्षी व डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. या सोहळ्याचीं चित्रें दरवर्षीं असंख्य निघतात. पण त्या रात्रीसाठीं घरोघर काय रांधून ठेवलें होतें, आणि होळी विझल्यावर पुढच्या आठवड्यांत चुलीवर काय चढलें, याची नोंद कोण ठेवतो ? पेशव्यांच्या लग्नाच्या यादीविषयीं जें वर म्हटलें तेंच येथें लागू पडतें. सण नोंदला जातो, दिवस राहून जातो.

नोंद न ठेवण्याची किंमत काय, हें याच तालुक्यानें पाहिलें आहे. नर्मदेवरील सरदार सरोवरानें महाराष्ट्रांतील ३३ गांवें बाधित झालीं. तीं सारीं अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतलीं, आणि अक्कलकुव्यांतलें मणिबेली त्यांत आरंभींच्या गांवांपैकीं. अनेक कुटुंबें नदीकांठ सोडून सपाटीवरच्या वसाहतींत गेलीं. नदीची मासळी, कांठावरची गाळाची जमीन, पायांखालचें रान हीं सुटलीं. ज्या घराचें जेवण छापील पुस्तकांत आहे तें घर हललें तरी पुस्तक उरतें. ज्याचें जेवण केवळ हातांत, जिभेवर आणि भोवतालच्या रानांत आहे, त्याचें रान बुडालें म्हणजे ग्रंथालयच बुडालें. पाकग्रंथांच्या संग्रहास आम्ही कमी लेखीत नाहीं. पण तेवढ्यावर थांबणारा संग्राहक जें सुरक्षित आहे तेंच पुन्हा सुरक्षित करीत असतो.

कर्तव्य

मग काठीसारख्या ठिकाणचें जेवण उभें करतां येईल काय ? येईल, असें आम्हांस वाटतें. मात्र पुरावा निराळा व रीत निराळी. पहिला पुरावा बियाणें. ज्वारी, मका व बारीक धान्यें यांचे गांवठी वाण सातपुड्यांतल्या घरांत अद्याप राखलेले आहेत, आणि शेजारच्या धडगांव तालुक्यांत बायफ या संस्थेच्या साहाय्यानें मका व ज्वारीच्या स्थानिक वाणांचें जतनही झालें आहे. वाण हें जिवंत हस्तलिखित आहे. दरवर्षीं त्याची नवी नक्कल होते, आणि एक वर्ष पेरणें चुकलें कीं पाठ तुटतो. दुसरा पुरावा भांडीं व चूल. तिसरा वृद्ध स्त्रियांची साक्ष. चौथा भिल्ली बोलींतील शब्द व गाणीं. धान्याशीं जोडलेल्या याहामोगी देवीच्या कथांत कोणतें धान्य आधीं, कोणतें मागून, याच्या परंपरागत समजुती सांपडतात; त्यांस इतिहास समजूं नये, पण इतिहासाचें साधन म्हणून अवश्य टिपावें.

या कामीं संग्राहकांनीं कांहीं नियम पाळावे असें आम्ही सुचवितों. साक्ष बोलणारीच्या बोलींत, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावी. मराठी अर्थ शेजारीं द्यावा, जागीं नव्हे. रघुनाथानें सतराव्या शतकांत संस्कृताशेजारीं देशी नांव लिहिलें म्हणून तें आज आपणांस मिळालें. आपण भिल्ली नांवाच्या जागीं मराठी घातलें तर पुढच्यांस कांहींच मिळणार नाहीं. प्रत्येक कृतीस महिना लिहावा. माप त्या घरच्या भांड्यानें मोजून मग ग्रॅममध्यें फोडावें, आणि दोन्ही आंकडे ठेवावे. रोजचें, सणाचें व टंचाईचें अन्न यांचीं पानें वेगळीं करावीं. कोण आधीं जेवतें, कोण मागून, हेंही विचारावें. जिची साक्ष तिची संमति घ्यावी, आणि लिहिलेल्या पानाची एक प्रत त्या घरीं राहूं द्यावी. नाहींतर आपण साधनें जमविलीं नाहींत, उचलून नेलीं असें होईल.

शेवटीं पाठ आणि प्रयोग वेगळे छापावे. जें मिळालें तें एका बाजूस, आणि आपण रांधतांना जें बदललें तें दुसऱ्या बाजूस. गोडे यांनीं जिलबीसारख्या एका पदार्थाचा माग काढतांना इ. स. १४५० च्या सुमारच्या जिनसूराच्या प्रियंकरनृपकथेपर्यंत मजल मारली, ती प्रत्येक उल्लेखाची जागा व काळ दाखवीत. त्यांच्यापुढें निदान कागद होता. ज्याच्या पुढें कागद नाहीं त्यानें तर पावलोपावलीं आपली वाट अधिकच दाखवीत जावें.

सूपशास्त्र व गृहिणीमित्र यांच्या जुन्या प्रती जपून ठेवाव्या, त्यांवरून जेवणेंही करावीं. पण त्या पानांस महाराष्ट्राचें जेवण असें नांव देण्यापूर्वीं काठीच्या एखाद्या घरांत, होळीच्या रात्रीं नव्हे तर ज्येष्ठांतल्या एखाद्या साध्या सायंकाळीं, चुलीवर काय आहे हें विचारून यावें. तेथें मिळालेलें उत्तर भिल्लींत लिहून, महिना घालून, माप मोजून ज्या दिवशीं एखाद्या संग्रहांत दाखल होईल, त्या दिवशीं त्या संग्रहाच्या सूचींत एका पानाची नव्हे, एका प्रांताची भर पडेल.